मुक्या पट्टीची टाळी

मी एक जुनी पेटी आहे. कपडे ठेवायची नव्हे हं मित्रांनो, गाण्याची! उजव्या हाताने पट्ट्या दाबायच्या, डाव्या हाताने भाता हलवायचा, की मी गायला लागते. सुरतेत लिंबायतच्या एका गल्लीत पालिकेची मराठी शाळा आहे. तिथे माझा मुक्काम असतो.

माझा जन्म नवसारीचा. एका म्हाताऱ्या कारागिराने सागवान तासून माझं अंग घडवलं. पितळेचे सूर एकेक करून कानाशी धरले आणि मगच बसवले. शाळेत आले तेव्हा मी अशी चकचकीत होते, की माझं नाक जरा वरच असायचं. ते खाली आणलं उषाबाईंनी. उषाबाई म्हणजे आमच्या मुख्य शिक्षिका, धुळ्याकडच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मला जमिनीवर सतरंजीवर ठेवलं आणि सांगितलं, "पोरांनो, वाजवा! फार तर मळेल, पुसून घेऊ."

मग काय! चिंचेची, शेंगदाण्याची, खडूची, सगळी बोटं माझ्यावरून फिरली. त्यांत सर्वांत हुशार बोटं होती चौथीतल्या विशाखाची. तिचे वडील काशीराम बमरोलीच्या मिलमध्ये कामाला, आणि आई शकू घरी साड्यांना टिकल्या लावायची.

सुरतेत प्लेग पसरला त्या साली सगळे गावी गेले, शाळा बंद पडली आणि मी कपाटात अडकले. मुलं परत आली तेव्हा माझी एक पट्टी मुकी झाली होती. मधल्या सप्तकातला पंचम, म्हणजे प! कितीही दाबा, हूं की चूं नाही. मला इतकी लाज वाटली! आता मला अडगळीत टाकणार, असंच मी धरून चालले. पण विशाखा म्हणाली, "बाई, इथं आवाज येत नाही ना? मग तिथं आपण टाळी वाजवू!"

झालं. त्या दिवसापासून गाणं मुक्या पट्टीपाशी आलं, की अख्खा वर्ग टाळी देई. आठवड्याभरात मी माझं दुःख विसरूनही गेले.

पुढे संक्रांतीनंतर बातमी आली, की शहरातल्या साऱ्या पालिका शाळांची तपासणी होणार. प्रत्येक शाळेला अ, ब किंवा क वर्ग मिळणार. ज्या शाळेला 'अ' मिळेल, तिची मागणी आधी मंजूर होणार. आमची शाळा चौथीपर्यंतच होती, म्हणून उषाबाईंनी पाचवीचा वर्ग मागितला होता. तो मिळाला नाही तर विशाखाचं काय होणार, ते शकूने सांगूनच टाकलं होतं, "पाचवीची शाळा पटरीच्या पल्याड हाये बाई. एकट्या पोरीले कशी धाडू? घरी बसून टिकल्या लावन ती." ते ऐकून विशाखाने मान खाली घातली होती. तेव्हा माझ्या भात्यात वाराच उरला नाही.

तपासणीच्या तक्त्यात एक ओळ होती, 'पेटी आहे का?' पुष्कळ शाळांत नव्हती. मग एकेक मुख्याध्यापक उषाबाईंकडे येऊ लागले, "बेन, एका दिवसापुरती द्या ना!" उषाबाईंच्या तोंडून नाही कसलं निघतंय! दगा नावाचा रिक्षावाला मला या शाळेतून त्या शाळेत पोचवू लागला. तो हसून आपल्या अहिराणीत म्हणे, "बाई, हाई पेटी मन्हापेक्षा जास्त सुरत फिरेल शे!" खरंच, त्याच्यापेक्षा मीच जास्त सुरत फिरले होते.

खरं सांगते, आधी मला मजा वाटली. जिथे जाईन तिथे टेबलावर बसवत, झेंडूचा हार घालत. पण मुलांना दटावत, "हात लावायचा नाही!" बिचारी लांबूनच माझ्याकडे टकमक बघत. तपासणीला ठाकोरभाई नावाचे अधिकारी येत. पेटी दिसली, की सा आणि प दाबून पाहायची त्यांची सवय. सा बोले, प गप्प. ते भुवया उंचावत, तक्त्यात खूण करत आणि निघून जात. तिसऱ्या शाळेत मला वाटलं, आता तोंड कुठे लपवू!

शेवटी आमच्या शाळेचा दिवस उजाडला, आणि मी मात्र दगाच्या रिक्षात, रेल्वेखालच्या गरनाळ्यात, त्या अरुंद बोगद्यात, गर्दीत अडकलेली. ठाकोरभाई वर्गात बसलेले, आईबाप खिडक्यांशी उभे, उषाबाईंचं सगळं लक्ष दाराकडे. तेवढ्यात दगा मला छातीशी धरून थेट वर्गातच शिरला, "बाई, पेटी लई उनू! त्या शाळावाला लवकर सोडेतच ना!" मला घेऊन आलो, पण त्या शाळेवाले लवकर सोडतच नव्हते, असं तो सांगत होता.

ठाकोरभाई उठून माझ्याजवळ आले. "अरे बेन, आ पेटी तो में काले ज जोई!" मला त्यांनी कालच दुसऱ्या शाळेत पाहिलं होतं.

उषाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्या खोटं बोलल्या नाहीत. "साहेब, पेटी आमची आहे. मीच सगळ्यांना दिली. त्यांचे गुण कापू नका, हवे तर आमचे कापा."

ठाकोरभाईंनी सवयीने भाता हलवला. सा दाबला, मी बोलले. प दाबला, आणि फाट्! सगळ्या वर्गाने टाळी दिली!

ते दचकलेच. पुन्हा प दाबला, पुन्हा टाळी! मुलं खुदुखुदू हसू लागली. ठाकोरभाईंनाही हसू आवरेना. त्यांनी विशाखाला वाजवायला बसवलं आणि मुलांना हाताची घडी घालायला सांगितली. विशाखाची बोटं पळू लागली. मुकी पट्टी आली. वर्ग गप्प, पण खिडकीतून टाळी आली. शकूची!

"तमे आ निशाळमां भणेलां?" ठाकोरभाईंनी विचारलं. या शाळेत शिकलात का, असं ते विचारत होते.

शकू लाजली. "नाही जी. म्या शाळेचं तोंड नाही पाहिलं. पोरगी घरी गाते, मी टिकल्या लावता लावता आयकते. हात आपोआप उठला."

ठाकोरभाईंनी पेन काढलं. मग मराठीत म्हणाले, "पेटी आहे का, हे माझ्या तक्त्यात आहे. ती घरापर्यंत पोचते का, ही ओळच नाही. आज मी ती लिहितो." आणि त्यांनी खाली मोठा 'अ' काढला. उषाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. ज्या शाळांत पेटी नव्हती, त्यांच्या तक्त्यात ठाकोरभाईंनी 'नाही' लिहिलं आणि शेजारी 'द्यावी' असंही लिहिलं.

जूनमध्ये पाचवीचा वर्ग उघडला. विशाखाला शकू स्वतः सोडायला आली. ठाकोरभाईंनी मला दुरुस्त करायला कारागीरही पाठवला. पण त्याने हत्यारं बाहेर काढताच मुलांनी मला गराडा घातला, "नको, नको! मग आमची टाळी कुठं जाईल?"

तो बिचारा चहा पिऊन परत गेला.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटातही माझी एखादी बहीण धूळ खात असेल. तिला बाहेर काढा. हार नको, टेबल नको. नुसती बोटं ठेवा तिच्यावर. एखादा सूर उमटला नाही तर रागावू नका. तेवढी जागा तिने तुमच्यासाठी ठेवली आहे, असं समजा आणि जोरात टाळी द्या.