महाराजांची टेस्ट राइड

लांब पल्ल्याची ती स्पोर्ट्स मोटरसायकल सिद्धनाथला स्वतःसाठीच हवी होती. घरी मात्र त्यानं कीर्तनकार आदिनाथमहाराजांना आपल्या जुन्या गाडीवरून गावोगावी कीर्तनाला नेण्याच्या सेवेचं नाव पुढं केलं.

"मग म्हाराजांनाच बसवून बगा की," बायको बाळाबाई म्हणाली. "त्यांनी हो म्हटलं तर घ्या."

वीणा सांभाळत महाराज मागं बसले. सोलापूरहून वळसंगला जाऊन गाडी शोरूमला परतली, तेव्हा बाळाबाई दारातच उभी होती.

"गाडी लई गुणाची हाय," महाराज म्हणाले. सिद्धनाथचा जीव भांड्यात पडला. "पर जुन्या गाडीवर वळसंग येईस्तोवर माजं समदं निरूपण घोकून व्हायचं. आज अभंगाच्या पहिल्या चरणालाच गाव आलं. लोकांपुडं बोलू काय?"

"हळू चालवतो की, म्हाराज."

"मग जुनी काय वाईट हाय?" बाळाबाईनं विचारलं.

सिद्धनाथनं शोरूमवाल्याला किल्ली परत केली.