माझे न वाचलेले प्रकरण

मी एक जुनी कादंबरी आहे. माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत, पाठीला चिकटपट्टी आहे आणि आता मला फार उघडझाप सोसत नाही. तरीही मित्रांनो, माझी गोष्ट ऐका.

माझ्या पानांत जग संपत आलेले आहे. सूर्य मंदावतो, पिके जातात. एका गावात धान्याचे शेवटचे कोठार उरते आणि त्याची किल्ली एका म्हाताऱ्या मुख्याध्यापिकेकडे असते. ती किल्ली कोणाच्या हाती जाणार, या ओढीने वाचक पाने उलटत. वाचनालयात मी एका हातातून दुसऱ्या हातात जाई. मग वाचनालयच बंद झाले आणि मी रद्दीच्या गठ्ठ्यात पडले.

तिथून मला रहीमचाचांनी उचलले. शनिवार पेठेत त्यांचे बाइंडिंगचे दुकान होते. त्यांनी मला नवा पुठ्ठा चढवला आणि घरी नेले. त्यांची पत्नी अख्तरबानू उर्दू शाळेत शिकलेली. मराठी ती झरझर बोले, पण वाचताना तिला अक्षरे जोडत बसावे लागे. म्हणून रोज संध्याकाळी चहानंतर चाचा तिला मोठ्याने वाचून दाखवत. ते माझे सर्वांत सुखाचे दिवस.

शेवटचे प्रकरण आले तेव्हा चाचांचा घसा बसला होता.

"उद्या वाचू," ते म्हणाले.

"अहो, किल्लीचं काय होतं तेवढं तरी सांगा."

"मलाही माहीत नाही. तुला सोडून पुढे वाचलेलं नाही मी."

दुसऱ्या दिवशी दुकानातच त्यांचे हृदय थांबले.

पुढे त्यांची नात अलफिया कितीदा म्हणाली, "दादी, मी वाचून दाखवते ना." अख्तरबानू मान हलवी. "राहू दे. या पानांवर त्यांचाच आवाज आहे." मी कपाटात गेले. तिथे वाळवीची भीती आणि डांबरगोळ्यांचा वास, एवढीच सोबत होती.

मग माझ्यावर सिनेमा निघाला. चौकाचौकात फलक लागले. अख्तरबानू अलफियाला म्हणाली, "सिनेमात शेवट कळेल. पुस्तकाला हात लावायला नको." निघताना मात्र तिने मला पिशवीत घातले. चाचांनाही सोबत नेल्यासारखे तिला वाटले असावे.

दुपारचा खेळ होता. पडद्यावर माझ्या मुख्याध्यापिकेची एक तरुण अधिकारी झाली होती. कोठाराचा स्फोट झाला. नायक हेलिकॉप्टरला लोंबकळला. किल्ली कुठेच नव्हती. शेवटी सूर्य परत आला आणि सगळे नाचले.

बाहेर पडताना एक गृहस्थ पत्नीला म्हणाले, "जग संपवायला अडीच तास कशाला लावले? मी मध्यंतरातच तयार होतो."

लोक हसले. अख्तरबानू हसली नाही.  रिक्षात अलफिया ओशाळून म्हणाली, "सॉरी दादी. रिव्ह्यू बघून तिकीट काढायला हवं होतं."

घरी आल्यावर अख्तरबानूने मला पिशवीतून काढले आणि अलफियाच्या मांडीवर ठेवले. "वाच. डोक्यात हा खोटा शेवट घेऊन मला राहायचं नाही."

अलफिया इंग्रजी शाळेत शिकलेली. जोडाक्षरांना ती अडखळे. "सावकाश," अख्तरबानू म्हणाली, "ते स्वल्पविरामालासुद्धा थांबायचे."

माझ्या शेवटच्या प्रकरणात मुख्याध्यापिका किल्ली कोणालाच देत नाही. ती कोठाराचे दार उघडे टाकते आणि उंबऱ्यावर बसून राहते. अंधारात पुष्कळ पावलांचा आवाज जवळ येतो. लोक वाटून घ्यायला येतात की लुटायला, ते लेखकाने सांगितलेले नाही.

"एवढंच?" अख्तरबानूने विचारले.

"एवढंच."

अख्तरबानूने माझे शेवटचे पान उलटून पाहिले. मग ती म्हणाली, "भांडले असते ते. म्हणाले असते, लेखकाने शेवटचं पान खाल्लं." आणि चाचा गेल्यापासून प्रथमच, त्यांच्याविषयी बोलताना ती हसली. हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला.

"तुला काय वाटतं, अलफिया? कोण आलं असेल?"

"लुटायलाच, दादी."

"मला नाही वाटत," अख्तरबानू म्हणाली आणि चहा टाकायला उठली. दोघींचा वाद मग चहा संपेपर्यंत चालला.

मित्रांनो, मी थकले आहे. सिनेमा पडल्यापासून माझे नाव काढले की लोक तोंड वाकडे करतात. त्यांच्याशी भांडायचे त्राण माझ्यात नाही. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी धूळ खात पडले असेल, तर त्याची धूळ झटका. वाचता येत नसलेले कोणी घरात असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि मोठ्याने वाचा. अडखळलात तरी चालेल.