तेल लावलेला पिंपळ

देऊळघाटच्या सिंधूताईंनी विहाराच्या अंगणात लावायला म्हणून डब्यात पिंपळ वाढवला होता. यंदाच्या बुद्धपौर्णिमेला तो लावायचं ठरलं होतं. पण चैत्रात थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला त्यांना शेगावला जावं लागलं आणि झाड माणिकरावांच्या हाती आलं.

माणिकरावांनी आजवर त्या झाडाची थट्टाच केली होती. आता मात्र वाटलं, बायको येईल तेव्हा तिनं बघतच राहावं. पानं रस्त्याच्या धुळीनं मळकट दिसत. एका सकाळी त्यांनी कापसाचा बोळा खोबरेल तेलात बुडवला आणि एकेक पान वरून-खालून चोळलं.

"तुहा पिंपळ आरशावानी चमकून राह्यला," ते फोनवर म्हणाले.

"असं काय केलं?" सिंधूताई हसल्या.

"आल्यावर पाह्यजो."

ऊन वाढलं तशी पानं कडेनं करपली, मग गळू लागली. माणिकरावांनी पाणी वाढवलं, झाड सावलीत नेलं. फोनवर मात्र यातलं काही सांगितलं नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सिंधूताई धाकट्या मयुरीसोबत परतल्या. मयुरी शाळेत विज्ञान शिकवते. तिनं एक पान बोटांत धरलं.

"बाबा, तेल लावलं काय?"

"चमक यावी म्हनून."

"पानाच्या खालच्या अंगाले बारीक तोंडं असतात, डोळ्याले न दिसनारे. पर्णरंध्रं म्हनतात. त्यातून पान हवा घेते अन् पान्याची वाफ सोडते. वाफ निघते म्हनून उन्हात थंड राह्यते, मुळातलं पानी वर चढते. पानी कमी पडलं तं झाड ते तोंडं मिटून घेते, मंग पुन्हा उघडते. तुमी ते बुजवूनच टाकले."

माणिकरावांनी बायकोकडे पाहिलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"पानं गळाले लागले तवा काऊन नाही सांगतलं?" सिंधूताई म्हणाल्या. "साबनाच्या पान्यानं धुवा म्हटलं असतं."

"तुले वाईट वाटन म्हनून."

संध्याकाळी दोघांनी उरलेली पानं धुतली. माणिकराव तळहातावर पान धरत, सिंधूताई हलक्या हातानं पुसत. दोन पानं धुतानाच देठातून निखळली.

दुसऱ्या दिवशी विहारात नर्सरीतून आणलेला पिंपळ लागला. सिंधूताईंनी त्यालाही पाणी घातलं. डब्यातल्या झाडाला पावसाळ्यातही कोंब फुटला नाही.

सिंधूताईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांनी एकदा तरी काढावा, असं माणिकरावांना फार वाटे.