संडासाच्या दारातला चमत्कार

त्या बंद पडलेल्या छापखान्यासमोर एवढी गर्दी, की मला वाटलं आत कुणी गेलंबिलं की काय. डोकावलो तर सगळे हसतमुख. आतल्या अरुंद दारापुढे आमचा न्हावी उभा होता आणि त्याचे दोन्ही हात, पंख फुटल्यासारखे, आपोआप वर चालले होते.

"उघडली! सुषुम्नेची गाठ सुटली!" खुर्चीवरून महाराज ओरडले. "न्यूरॉनला न्यूरॉन भिडला! व्हेगस जागा झाला!"

न्हावी रडायलाच लागला. "आईशप्पथ, मी उचलत नाही हो! तेच वर जातायत!"

लोक ह्या बुवाला मज्जामहाराज म्हणत. मज्जासंस्थेतलं ह्याला सगळं कळतं म्हणे. डॉक्टरी पुस्तकातले चार अवघड शब्द पाठ करायचे आणि समोरच्याच्या तोंडावर फेकायचे, झालं काम. कुणाचं पोट बिघडलं तरी 'तुझा सेरिबेलम तापलाय' म्हणायचा.

म्हणेना का, माझं काय जातंय? पण जात होतं. माझी थोरली ताई शिवणकाम करते. तिला कंपवात, उजवा हात थरथरतो. नसांच्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांवर तिची मशीन चालू होती. ह्या दारात तिचेही हात वर गेले आणि महाराज म्हणाला, "नस उघडली. आता गोळी म्हणजे विष." ताईनं गोळ्या सोडल्या. आधी सुईत दोरा जाईना, मग चहाचा कप ओठापर्यंत पोचेना. भाऊजी कप धरायचे आणि वर सांगायचे, "रोग निघून चाललाय ना, म्हणून जरा जास्त हलतं."

"जाणारा पाहुणा एवढं सामान पसरतो होय, भाऊजी?"

"तू तुझी लाकडं तास," ताई म्हणाली. "माझे हात मी उचलले नव्हते. मी खोटं बोलते का रे?"

हीच तर पंचाईत. ताई खोटं बोलत नाही.

मी सुतार. त्याच सुमारास डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात संडासाची चौकट बसवत होतो. दोन्हीकडच्या पट्ट्या सुटायला बघत होत्या आणि माझे तळहात सरसानं बरबटलेले. म्हणून मधोमध उभं राहून पालथ्या हातांनी दोन्ही बाजू दाबून धरल्या आणि चौकटीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिलो. सरसानं लाकूड धरलं असं वाटल्यावर बाहेर आलो, तर माझे हात वर!

"बाई! धावा! मला महाराज झाले!"

बाई धावत आल्या, बघितलं आणि भिंतीला टेकून हसत सुटल्या. "अहो, हे कुणालाही होतं. हात थोडा वेळ जोरात बाहेर दाबा आणि सोडा. तुम्ही थांबता, पण स्नायूला सुटलेला हुकूम लगेच थांबत नाही. पंखा बंद केला तरी पाती फिरतात ना, तसं." मग एकदम गंभीर झाल्या. "ताईंना घेऊन या. ह्या गोळ्या अशा अचानक सोडणं धोक्याचं आहे."

ताई कुठली येते! ती छापखान्यात पहिल्या रांगेत बसलेली. मग मीच तिथं गेलो.

"महाराज, माझीही नस उघडा."

"ये. पालथे हात चौकटीला लाव. पाप बाहेर ढकल! जोरात! आणि म्हण, नसनाथा, नस सोड."

मी ढकललं. जप मात्र माझा होता. "अरे लबाडा, तुझ्या व्हेगसला वाळवी लागो, तुझ्या सेरिबेलमचा भुसा होवो..." पुढचं इथं सांगण्यासारखं नाही. मी एक पाऊल पुढे टाकलं. हात वर. अगदी अलगद.

पण महाराज तयारीचा गडी. "बघा! शिव्या देणाऱ्यावरसुद्धा कृपा!"

"मग मला एवढा जप कशाला करायला लावला?" न्हावी मागून म्हणाला. "घसा बसला की माझा."

"आणि दार तरी कशाला?" मी म्हटलं. "चला रस्त्यावर. काही न दाबता करा कुणाचेही हात वर."

"रस्त्यावर मोटारींच्या लहरी असतात. त्यानं ॲक्सॉन बिघडतो."

"बरं, मग मागे संडासाचं दार आहे. तिथं कसल्या लहरी?"

झालं! संडासापुढे रांग लागली. एका बसकंडक्टरनं थांब्यांची नावं म्हणत दाबलं, एका आजीनं सुनेची गाऱ्हाणी म्हणत. सगळ्यांचे हात वर. तेवढ्यात महाराजाचे पाय चालू लागले, ते मात्र त्यानं स्वतःच उचललेले, आणि सोबत दक्षिणेची बॅगही.

शेवटी ताई उठली. काही न म्हणता तिनं दाबलं आणि पुढे आली. हात वर गेले. उजव्याची थरथर वरही चालूच. ती त्या हाताकडे बघत राहिली.

"वर गेला तरी हलतोच आहे की रे हा," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "अहो, चला, आधी दवाखाना. आणि गोळ्या कुठं ठेवल्यात माझ्या?"

रोग गेलेला नाही. बाईंनी जाईल असं कधी सांगितलंही नव्हतं. पण ताईची मशीन पुन्हा चालू आहे. कधीमधी दोरा सुईत जात नाही, तेव्हा ती माझाच जप म्हणते.

बाबांनो, ताई खोटी नव्हती, न्हावीही नव्हता. हात खरंच वर गेले होते. खोटं होतं ते महाराजानं सांगितलेलं कारण. पटत नसेल तर घरच्या दारात उभं राहून करून बघा. आणि पुढच्या वेळी असा कुणी महाराज भेटला तर हात आपोआप वर जायची वाट बघू नका. आपणच वर करा, आणि विचारा, "हे होतं कसं?"