निळीच राहणारी नळी

देवळाली कॅम्पाजवळच्या मैदानावर एवढी गर्दी होती, की मागची माणसं सायकलच्या कॅरिअरवर उभी राहून बघत होती. मंचावर ब्रदर थिओफिल गरजत होता.

"बारा वर्षं आजारी बाई! डॉक्टर थकले! तिने प्रभूच्या वस्त्राला नुसता हात लावला आणि बरी झाली! आता बोला, डॉक्टर बडा का प्रभू बडा?"

"प्रभू!"

"मग या, हात लावा," म्हणत ब्रदरने स्वतःच्याच टेरिलीनच्या झग्याचा काठ पुढे केला. प्रभूच्या वस्त्राची जागा या झग्याने कधी घेतली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

शरणपूरची सखुबाई लेकीला, लताला, घेऊन रांगेत उभी होती. सखुबाई शाळेत आया होती. नवरा वारलेला, आणि लताला लहानपणापासून मधुमेह. रोज सकाळी सखुबाई काचेच्या नळीत दवाखान्यातलं निळं औषध घेऊन त्यात तिच्या लघवीचे थेंब घालायची आणि ती नळी दिव्यावर उकळायची. रंग विटकरी झाला की साखर फार. निळाच राहिला की दिवस चांगला. मग माठाजवळच्या ओल्या वाळूतली इन्सुलिनची बाटली काढायची आणि पोरीला सुई टोचायची. निळं दिसावं म्हणून तिने किती प्रार्थना केल्या, ते तिचं तिलाच ठाऊक.

ब्रदरला हे बरोबर ठाऊक होतं. लताने झग्याला हात लावताच तो ओरडला, "डॉक्टरचीच परीक्षा करू, डॉक्टरच्याच नळीत!" त्याने आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे लोकांनी घरून आणलेल्या लघवीच्या शिश्या मंचावर गेल्या. लताची नळी उकळली. निळी! सखुबाई गुडघ्यांवर कोसळून रडू लागली.

"आता सुई टोचशील तर प्रभूला खोटं पाडशील," असं म्हणून ब्रदरने मंचावरच्या त्याच निळ्या पाण्याची एक बाटली तिच्या हातात दिली. "घरी रोज बघ."

सखुबाईने सुई बंद केली. घरी रोज निळंच आलं. लता मात्र तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागली. मग ओकू लागली. मग बोलेना. श्वास खोल चालला होता आणि तोंडाला नासक्या पेरूसारखा वास येत होता. सखुबाई ब्रदरकडे धावली.

"सैतान शेवटचा झटका देतोय," तो म्हणाला. "तू डळमळलीस तर पोर जाईल, बाई."

त्या वाक्याने तिला जखडून टाकलं. शंका घेतली तर पोरीला मारणारी आपणच!

सखुबाई शाळेत का येत नाही हे बघायला सायन्सचे भिकन सर घरी आले. लताकडे बघताच ते दचकले. "सखुमावशी, रिक्षा आणतो. दवाखान्यात चला!"

ती दारात आडवी झाली. "नाय सर! निळं आलंय! तुम्ही बौद्ध, तुम्हाला आमच्या प्रभूचं काय कळणार?"

"प्रभूची नको, बाटलीची परीक्षा घेऊ. घरात ग्लुकोज आहे ना?"

साखर एकदम उतरली तर लागतं म्हणून डबा होताच. सरांनी नळीत ब्रदरचं पाणी ओतलं. "एक चमचा तुमच्या हातानेच घाला. मी शिवत नाही."

सखुबाईने ग्लुकोज घातलं, नळी दिव्यावर धरली. पाणी उकळलं. निळं. तिने आणखी चमचाभर घातलं. तरी निळंच.

"मावशी, या पाण्याला साखर दिसतच नाही."

तिच्या हातातून नळी पडली. तिने लताला उचललं आणि अनवाणी रस्त्याकडे धावत सुटली.

लता वाचली, पण थोडक्यात. ती शुद्धीवर आल्यावर सखुबाई भिकन सरांना घेऊन ब्रदरच्या सभेत शिरली आणि बाटली व ग्लुकोजचा डबा मंचावर ठेवून म्हणाली, "ब्रदर, आता हे उकळा."

"सैतान! हिच्यात सैतान आहे!"

"असू दे. तुम्ही नळी धरा."

ब्रदर मागे सरकला. सरांनीच नळी धरली. सगळ्यांसमोर ती निळीच राहिली. "हा नुसता मोरचूद आहे, द्राक्षांवर फवारतात तो," ते म्हणाले. "खऱ्या औषधात त्याच्याबरोबर सोडाही असतो. त्याच्याशिवाय उकळून साखर ओळखू येत नाही."

"पण आमच्या श्रद्धेचं काय?" कुणीतरी विचारलं.

सखुबाई वळली. "येशूने महारोगी बरे केले, तेव्हा याजकाकडे जाऊन अंग दाखवा, खात्री करून घ्या म्हणाला. तपासणीला तो भ्याला नाही. मग हा का भितो?"

मागून झुंबर नावाचा गडी पुढे आला. त्याच्या हातात तसलीच बाटली होती.

"माझ्या पोराचंबी निळंच येत व्हतं," तो म्हणाला. "परवा माती दिली त्याला."

सरांनी हातातली नळी खाली ठेवली. सखुबाईच बोलली, "देवाला जरूर हाक मारा. पण औषध थांबवायला सांगेल त्याला आधी विचारा, का? आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कुणाकुणाची औषधं बंद आहेत? लाजू नका. आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात चला."

आधी एक म्हातारी उठली. मग छातीशी बाळ धरलेली एक बाई. मग रांगच्या रांग.