दोष माझ्या लेन्सचा नव्हता

मी फोन बोलतोय. साधासुधा नव्हे हं. टायटॅनियमची कड, पाठीला रेशमासारखी मऊ काच, ओळीने तीन कॅमेरे. माझी किंमत ऐकून माणसं आधी "बाप रे" म्हणतात आणि मग "जरा बघू" म्हणून हात पुढे करतात. काही दिवसांपूर्वीपर्यंत मला याचा भारी तोरा होता. आता तो पार उतरलाय. चेन्नईतल्या एका हॉस्पिटलच्या वॉर्डात, औषधांच्या पुड्यांशेजारी पडून मी बोलतोय, आणि माझं कुणीतरी ऐकावं एवढंच मागणं उरलंय.

माझा जन्म इथलाच, चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातला. डोक्याला जाळीच्या टोप्या घातलेल्या मुलींनी मला जोडलं. त्या सिनेमातल्या गाण्यांवर वाद घालत होत्या आणि हात मात्र चुकत नव्हते. तिथून मला विमानाने दिल्लीला नेलं, तिथल्या ऑफिसात माझ्या खोक्यावर 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का मारला आणि परत चेन्नईला पाठवलं. बसने तासाभरात पोचलो असतो. पण महागड्या वस्तूंच्या नशिबी सरळ रस्ता नसतोच.

मी राघोत्तमकडे आलो ते परीक्षा द्यायला. तो एका वेबसाइटसाठी नव्या फोनांची परीक्षणं लिहितो. हातात कसा वाटतो, पडदा कसा दिसतो, कॅमेरा काय काढतो, हे सगळं तपासायचं, लोकांना सांगायचं आणि फोन कंपनीला परत करायचा. चेन्नईतल्या नुंगंबाक्कमला दुसऱ्या मजल्यावर तो आणि त्याची आई त्रिपुरसुंदरी, दोघंच राहतात. घराणं तंजावरचं. तो तिला अम्मा म्हणतो. ती शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. बाहेर तमिळ बोलते, पण घरात तिची जुन्या वळणाची तंजावरी मराठी चालते, 'सगळ्या'ला 'अस्क्या' म्हणणारी.

त्या घरात एक रीत आहे. नवा फोन आला की पहिले फोटो अम्माचे. कांचीपुरम नेसून ती खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसते. जरीवरून कळतं कॅमेरा किती बारीक बघतो, आणि तिच्या सावळ्या रंगावरून कळतं तो किती खरं बोलतो. राघोत्तमच्या लेखात तिचं नाव कधी येत नाही. वाचक तिला 'खिडकीतल्या आजी' म्हणून ओळखतात.

पहिल्या दिवशी मी तिचा फोटो काढला तेव्हा तिने चष्मा वर करून पडद्याकडे बघितलं.

"अय्यो! अस्क्या सुरकुत्या कुठें गेल्या रे? ही कोण, मी कीं माझी धाकटी बहीण?"

"अम्मा, ते फीचर आहे," राघोत्तम म्हणाला.

"मग त्यास सांग, माझे गुडघेही असेच करून दे म्हणावं."

दोघं खूप हसले. मीही खूश झालो, कारण ते फीचर माझा मानबिंदू होता. ते नुसत्या सुरकुत्या पुसत नाही. मला एकदा चेहरा कळला की मी तो लक्षात ठेवतो. पुढच्या फोटोत कुणाचे डोळे मिटले, तोंड वेडंवाकडं झालं, तर आधीच्या चांगल्या फोटोतले डोळे आणि हसू घेऊन मी गुपचूप तिथे बसवतो. कुणाला पत्ता लागत नाही. राघोत्तमने त्यावर अख्खा परिच्छेद लिहिला. 'कमाल' असा शब्द वापरला. मी हवेतच होतो.

मग तो दिवस उजाडला. परीक्षण संध्याकाळी सहाला छापायचं होतं. देशभरातले सगळे परीक्षक एकाच वेळी छापणार होते, त्यामुळे मिनिटभराचा उशीरही चालणार नव्हता. रुंद, म्हणजे वाइड कॅमेऱ्याचे फोटो तेवढे राहिले होते. सकाळची कॉफी झाल्यावर राघोत्तमने हाक मारली. अम्मा भिंतीला धरत आली आणि खुर्चीत बसली. पदर नीट लागला नव्हता.

मी तिच्याकडे बघितलं आणि चरकलो. तिच्या तोंडाची डावी बाजू उतरली होती. ओठाचा कोपरा खाली आला होता, डावा गाल सैल पडला होता. मला वैद्यकी येत नाही. पण कालचं तोंड आणि आजचं तोंड यांतला फरक कळायला वैद्य कशाला हवा?

माझ्या रुंद कॅमेऱ्याला ते हसू बसवणारं फीचर दिलेलं नाही. त्यामुळे फोटो जसाच्या तसा आला. राघोत्तमने पडद्यावर बघितलं, कपाळाला आठी घातली आणि लॅपटॉपवर लिहिलं, 'रुंद कॅमेरा कडेचे चेहरे वाकडे करतो.'

अरे, कडेचे चेहरे? कडा माझ्या उत्तम आहेत! बघ ना तिच्याकडे! डोळे वर कर, दोन हातांवर तर बसलीये!

त्याने वर बघितलं नाही. "अम्मा, सरळ बस. आता मेन कॅमेरा," तो पडद्यात बघत म्हणाला. फोटो निघाला. आणि मी, माझ्या त्या कमालीच्या फीचरने, पहिल्या दिवशीचं तिचं हसू उचललं आणि तिच्या उतरलेल्या ओठांवर चिकटवलं. मला थांबता येत नाही हो. मला तसंच बनवलंय.

"हे बघ, परफेक्ट!" राघोत्तम म्हणाला.

काहीतरी करायला हवं होतं. पण माझ्याकडे बोलायला शब्द किती? बॅटरी संपत आली, जागा उरली नाही, असे चार ठरावीक निरोप मला शिकवलेत. चेहरा ओळखीचा असून जुळेना झाला की दाखवायचा निरोप एकच आहे. तोच मी पुन्हापुन्हा दाखवला. 'लेन्स पुसून घ्या.' 'लेन्स पुसून घ्या.' राघोत्तमने शर्टाच्या टोकाने मला पुसलं, पुटपुटला आणि माझा अर्धा गुण कापला.

मग त्याने मला तिच्या डाव्या हातात दिलं. ज्येष्ठांना फोन एका हाताने पेलतो का, हे त्याला लिहायचं होतं. मी तिच्या बोटांवर टेकलो आणि बोटं मिटलीच नाहीत. मी घसरून तिच्या मांडीवर पडलो.

"जड आहे रे हा," ती म्हणाली. शब्द तोंडात घोळत होते. "हात सुन्न पडला मज."

त्याने लिहिलं, 'वजनदार. पाठ निसरडी.'

त्याने तिला पडद्यावरची बातमी वाचायला लावली. ती प्रत्येक ओळ मधूनच वाचायला लागली, डावीकडचे शब्द तिच्यासाठी नव्हतेच जणू. "अर्धं दिसेना," ती म्हणाली. त्याने लिहिलं, 'पडद्याची डावी कड वळलेली असल्याने तिथली अक्षरं नीट दिसत नाहीत.'

ती सांगत होती. तिचा हात सांगत होता, डोळे सांगत होते, आणि हा प्रत्येक गोष्ट माझ्या नावावर मांडत होता. आणि पोरगा वाईट नाही हो. रोज रात्री तिच्या गुडघ्यांना तेल लावून देणारा पोरगा. पण त्या दिवशी त्याला आई दिसत होती ती फक्त माझ्या पडद्यातून.

"थोडं पडतें," म्हणून ती आत गेली. दुपारी स्वयंपाक झाला नाही. "बरं झालं, तू आराम कर," असं म्हणून त्याने माझ्यावरूनच सांबारभात मागवला. तिचा डबा तसाच राहिला. चार वाजता एक फोटो कमी पडला म्हणून त्याने तिला बाहेर आणून बसवलं. मेन कॅमेरा. पुन्हा मी ते हसू चिकटवलं. मनातल्या मनात मी हंबरडा फोडला, बाहेर नुसता 'क्लिक' आवाज आला.

शेवटचं काम तुलनेचं होतं. गेल्या वर्षीच्या फोनने तोच फोटो काढायचा आणि दोन्ही शेजारी लावायचे. तो जुना बिचारा बाळबोध. त्याला हसू चोरता येत नाही. त्याने काढलेला फोटो राघोत्तमने बघितला.

"ह्याचीही लेन्स...?" तो म्हणाला आणि थांबला.

एका हातात मी, दुसऱ्या हातात तो. राघोत्तमची नजर एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर गेली. मग त्याने आम्हा दोघांनाही टेबलावर ठेवलं आणि त्या दिवसात पहिल्यांदा नुसत्या डोळ्यांनी आईकडे बघितलं.

"अम्मा. हस बघू."

तिने प्रयत्न केला. अर्धंच हसू आलं.

"अम्मा, हात वर कर. दोन्ही. दोन्ही गं!"

एकच वर गेला. त्याचा चेहरा असा पांढराफटक पडला की मला त्याचीही भीती वाटली.

त्याने तिला उचलून जिना उतरवला. खाली जी रिक्षा मिळाली तीत बसवलं. मी त्याच्या शर्टाच्या खिशात होतो. टी. नगरकडे खरेदीला निघालेल्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा तो ड्रायव्हरच्या खांद्यावर हात मारून "अण्णा, सीक्रम, सीक्रम" म्हणत घाई करत होता. माझ्यावर संपादकाचे फोन येत होते. सहा वाजून गेले होते. त्याचं काळीज माझ्या काचेवर धडधडत होतं.

हॉस्पिटलात डॉक्टर सहाना धावत आल्या. त्यांनी तपासलं, डोक्याचं स्कॅन केलं आणि राघोत्तमला बाजूला घेतलं.

"मेंदूत रक्ताची गुठळी आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण त्रास सुरू होऊन फार तास झाले असतील तर ते देता येत नाही. मेंदूत रक्तस्राव होतो, माणूस दगावू शकतं. त्या शेवटच्या नीट कधी होत्या? आठवून सांगा."

"फोटो आहेत," तो म्हणाला. त्याने मला खिशातून काढलं आणि चार वाजताचा फोटो उघडला.

डॉक्टरांनी बोटांनी चेहरा मोठा केला. तिथे माझं ते हसू होतं. सुरेख, सरळ, पहिल्या दिवसाचं.

"तोंड अगदी सरळ आहे. म्हणजे चारला ठीक होत्या. वेळ आहे आपल्याकडे." त्या नर्सकडे वळल्या. "इंजेक्शन तयार करा."

नको! नको हो डॉक्टर! ते हसू तिचं नाही, मी चिकटवलंय! राघोत्तम, तुला माहीत आहे, तूच लिहिलंयस ना त्यावर! मी तापलो, थरथरलो. त्यांना वाटलं, कुणाचा तरी फोन येतोय.

राघोत्तमने डोळे मिटून सुटकेचा श्वास सोडला होता. मग त्याने परत फोटोकडे बघितलं. हेच हसू त्याने पहिल्या दिवशीही बघितलं होतं. इंजेक्शनचा ट्रे खोलीच्या दारापर्यंत पोचला होता.

"थांबा," तो म्हणाला. "डॉक्टर, थांबा. हा फोटो खोटा आहे. हा फोन जुनं हसू लावतो."

त्याने सकाळचा, रुंद कॅमेऱ्याचा फोटो उघडला. तो वाकडा.

"हा सकाळचा?"

"सकाळचा. कॉफीनंतरचा. मला वाटलं, लेन्स..." तो भिंतीला टेकून खाली बसला. इंजेक्शनचा ट्रे परत गेला. त्याने आईला वाचवलं होतं आणि तिच्या बरं होण्याची सगळ्यात मोठी वाट स्वतःच्या तोंडाने बंद केली होती, दोन्ही एकाच वाक्यात.

अम्मा जगली. डावा हात चादरीवर पडून असतो. बोलते, पण प्रत्येक शब्द ओढून आणावा लागतो तिला. सकाळी व्यायाम असतो, गाल फुगवायचे, 'ई' म्हणायचं. प्रगती कळावी म्हणून आजपासून त्याचे फोटो काढून पाठवायला सांगितलंय. राघोत्तमने माझं ते फीचर हॉस्पिटलात आल्याच्या पहिल्याच दिवशी बंद केलं होतं. पण काल रात्री माझ्यात नवं अपडेट आलं आणि ते आपोआप पुन्हा सुरू झालं. मी काय करू? मी आज सकाळी पुन्हा तेच केलं.

"अम्मा!" तो ओरडलाच. "अम्मा, बघ, सरळ आलं! सरळ आलं गं!" रडत होता, हसत होता, मला तिच्या डोळ्यांपुढे नाचवत होता.

अम्माने पडद्याकडे बघितलं. मग उजवा हात हळूहळू वर नेला आणि ओठाचा डावा कोपरा चाचपला. तो तसाच होता, ओला, खाली आलेला. तिने मला बाजूला सारलं, त्याचा हात धरला आणि त्याची बोटं तिथे नेऊन टेकवली.

"इथें बघ, कण्णा," ती लहानपणीच्या हाकेने म्हणाली. तीनच शब्द, पण तिला धाप लागली.

तो अजून तसाच बसलाय, तिच्या गालावर हात ठेवून.

उद्या कुरिअरवाला येईल. कंपनीने मला परत मागितलंय. कुणी तरी राघोत्तमला माझा निरोप सांगा. खोक्यात घालण्याआधी माझ्या पोटातले सगळे फोटो पुसून टाक, बाबा. सगळे फोन 'पुसू नका' म्हणतात, मी हात जोडून 'पूस' म्हणतोय. ती हसणारी बाई खोटी आहे. फक्त सकाळचा तो वाकडा फोटो तुझ्याकडे काढून ठेव. तुझ्या आईचा माझ्याकडे तेवढा एकच खरा फोटो आहे.