डॉक्टर को उत्तर देत नाहीत

आमचे म्हातारे सर्जन डॉक्टर को माझ्या चिठ्ठीला उत्तर देत नाहीत. ईजनच्या चिठ्ठीला देतात, तेही चहा गार व्हायच्या आत. या एका गोष्टीपायी मी वर्षभर जळले, आणि हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

चियायी शहरातल्या या इस्पितळाच्या तळघरात आमचं ऑफिस आहे. पेशंट घरी गेला की त्याची फाइल खाली येते आणि त्याच्या दुखण्याला आम्ही ठरलेला कोड लावतो. दुखण्याचं कारण मात्र डॉक्टरनेच लिहायला हवं. स्कॅनमध्ये धडधडीत दिसत असलं तरी आम्ही आपल्या मनाने लिहायचं नाही. डॉक्टरने लिहिलं नसेल तर चिठ्ठी पाठवून विचारायचं, आणि विचारतानाही उत्तर सुचवायचं नाही. उत्तर सुचवलं तर ती आमच्यात चोरी धरतात. बाकीचे डॉक्टर संगणकावर उत्तरं देतात. को यांना कागदच लागतो.

मी इथे बावीस वर्षं आहे. ईजनला तीन वर्षंही झाली नाहीत. वय एकतीस, आवाज मऊ, केस कायम धुतल्यासारखे. एकदा मी मुद्दाम तिच्या टेबलावर अननसाचे केक ठेवले. इस्पितळात अननस आणला की कामाचा लोंढा येतो, हे आमच्याकडे झाडूवाल्यापासून सर्जनपर्यंत सगळे मानतात. ते तिने हसत हसत सगळ्यांना वाटून टाकले, आणि त्या आठवड्यात फायलींचा ढीग आला तो नेमका माझ्या टेबलावर.

आमच्या गटप्रमुख बाई वसंतात निवृत्त होणार होत्या. ती जागा माझी, असं मी मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. आईलाही सांगून बसले होते. पण आमच्या वरिष्ठ छाय मॅडम म्हणाल्या, या महिन्याची फायलींची तपासणी बघते आणि मेइयुन की ईजन ते ठरवते. तिचं नाव माझ्या नावाला लागून आलं आणि माझा तिळपापड झाला.

त्याच महिन्यात मासे विकणाऱ्या एका आजोबांची फाइल माझ्याकडे आली. पहाटे बाजारातच पोटात अशी कळ आली की माणूस बर्फाच्या पेटीवर आडवा झाला. को यांनी पोट उघडलं, टाके घातले, नऊ दिवसांनी आजोबा चालत घरी गेले. आणि को यांनी शेवटच्या कागदावर काय लिहावं? ‘अचानक तीव्र पोटदुखी.’ बस्स. आता त्यालाही कोड आहे, पण तो काहीच कळलं नाही तेव्हा लावायचा. पोट उघडून बघितलेल्या माणसाला तो लावला असता तर बाहेरून तपासणीला येणारे आम्हाला हसले असते.

मी चिठ्ठी पाठवली, उत्तर नाही. दुसरी पाठवली, उत्तर नाही. तिसरी रागाच्या भरात खरडली आणि वर धाडली. तिचंही तेच. मग सोमवारी छाय मॅडमनी ती फाइल ईजनकडे दिली. ईजन कागद घेऊन स्वतः जिना चढून गेली आणि चाळीस मिनिटांत को यांच्या सहीचं उत्तर घेऊन आली: जठराला भोक पडलं होतं.

माझ्या पोटात असं दुखलं म्हणता! तो कर्मदरिद्री म्हातारा हिच्यासाठी पेन उचलतो? मला एकच शक्यता दिसत होती. हिने चिठ्ठीत उत्तर लिहूनच नेलं असणार, आणि म्हाताऱ्याने खाली सही ठोकली असणार. उत्तर आलं की त्या फायलीच्या सगळ्या चिठ्ठ्या मॅडमच्या कुलपात जातात, त्यामुळे मला बघता येईना. पण जितका विचार केला तितकी माझी खात्री पटत गेली, आणि खरं सांगते, तीन रात्री मी शांत झोपले.

शुक्रवारी तपासणीची बैठक होती. कुणाची चूक दिसली तर आधी तिच्या कानात सांगायची, मग बैठकीत, अशी आमची रीत आहे. मी कुणाच्या कानाला लागले नाही. उलट सकाळी ईजनच माझ्या टेबलाशी आली होती.

“ताई, त्या मासेवाल्या आजोबांच्या फायलीबद्दल जरा बोलायचं होतं.”

“जे बोलायचं ते बैठकीत बोल,” मी म्हटलं. घाबरली, असंच मला वाटलं.

बैठकीत मी उभी राहिले आणि म्हणाले की माझ्या तीन चिठ्ठ्यांना उत्तर नाही, ईजनने डॉक्टरांच्या तोंडात उत्तर घातलंय, चिठ्ठी उघडा. मॅडमनी पाकीट उघडून मोठ्याने वाचलं: ‘पोट उघडल्यावर काय आढळलं ते कृपया आपल्या शब्दांत लिहावं.’ त्यात सुचवलेलं काहीच नव्हतं. माझे कान तापले. मॅडम कागद चाळत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मेइयुन, तू तीन चिठ्ठ्या पाठवल्या म्हणालीस. इथे दोनच आहेत.”

मी ईजनकडे पाहिलं. ती टेबलाकडे बघत होती.

मला परत जोर चढला. हिनेच हरवली! मी म्हटलं, माझ्याकडे नक्कल आहे, आणि धावत जाऊन माझं चिठ्ठ्यांचं पुस्तक आणून मॅडमच्या हातात दिलं. मॅडमनी पान उलटलं, वाचलं, आणि मग तेही मोठ्याने वाचलं: ‘जठराला भोक पडलं होतं, एवढं लिहायला आपल्याला किती महिने लागतात?’

ते अक्षर माझंच होतं.

“डॉक्टर को यांनी ती माझ्याकडे परत दिली होती,” ईजन हळूच म्हणाली. “याला उत्तर दिलं तर मेइयुनबाईंची नोकरी धोक्यात येईल, म्हणाले. म्हणून मी नवी लिहिली. ताई, सकाळी मी तेच सांगायला आले होते.”

चिठ्ठी लपवली म्हणून ईजनला लेखी समज मिळाली. मला दोन मिळाल्या, एक उत्तर सुचवलं म्हणून आणि एक कानात न सांगता थेट बैठकीत आरोप केला म्हणून. गटप्रमुख ईजन झाली.

आईला मी अजून सांगितलेलं नाही. ती दर रविवारी विचारते. सोमवारी ईजन माझ्यासाठी टर्कीच्या मांसाचा भात घेऊन आली, खाली बसली आणि म्हणाली, ताई, अवघड फायली तुम्हीच बघा, मला तुमच्याइतकं येत नाही. तिने मला चार शब्द सुनावले असते तर मी ते पचवले असते. पण ती खरंच तसं मानते, आणि त्या दिवशी मला तिचा जितका हेवा वाटला तितका वर्षभरात कधी वाटला नव्हता. भात मात्र मी सगळा संपवला.